जुने मेल नव्या कॉम्प्युटरवर नेताना

फेब्रुवारी उजाडला की आमच्या देवगड तालुक्यात बागायतदारांच्या घरी एक काम निघतंच. गेल्या वर्षीचे मेल उघडून बसायचं. ठाण्याच्या कुठल्या सोसायटीने किती पेट्या घेतल्या, कुणाला पाच डझनाची पेटी हवी होती आणि कुणाला दोन डझनाचा खोका, कुणाचा पत्ता बदलला, कुणाचे पैसे राहिले, हे सगळं तिथे असतं. वहीत निम्मा हिशेब, उरलेला मेलमध्ये.

शेजारच्या काकांनी दिवाळीत नवा कॉम्प्युटर घेतला. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि त्यांचं जुनं मशीन विंडोज ११ घेईना. दुकानातल्या मुलाने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो नव्यावर उतरवून दिले, जुनं फॉरमॅट करून बदल्यात ठेवून घेतलं. फेब्रुवारीत काकांची हाक आली, "गो बाय, माझे मेल खंय गेले?"

मेल गेले होते. २००९ पासूनचे. मुलाने मुद्दाम काही केलं नव्हतं. मेल डॉक्युमेंट्समध्ये असतीलच असं नाही, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. त्यातले काही मेल काकी मुंबईला दवाखान्यात असताना मुलाने रोज रात्री लिहिलेले होते. काका संध्याकाळपर्यंत खळ्यात नुसते बसून राहिले. हा लेख मी त्या संध्याकाळीच लिहायला घेतला. ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी तो आहे, म्हणून कुठलीही पायरी गाळलेली नाही.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा

आपण म्हणतो "मेल हलवायचे". हलवायचे नाहीत, नक्कल करायची. जुन्यावरून काहीही कापू नका, पुसू नका. कट-पेस्ट करताना मध्येच लाईट गेली तर मेल इकडेही पुरते राहत नाहीत आणि तिकडेही पुरते पोचत नाहीत. कॉपी करताना लाईट गेली तर फार तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईटचा काय भरवसा, हे मी कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जमत असेल तर हे काम पावसाळ्याआधी उरका. नाहीतर यूपीएस असल्याशिवाय डेस्कटॉपवर हात घालू नका.

तुमचे मेल राहतात कुठे?

मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये तुमचं खातं उघडा आणि जुन्यातला जुना, तुम्हाला आठवणारा एखादा मेल शोधा. सापडला तर मेल कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या दूरच्या कॉम्प्युटरवर आहेत. खातं बहुधा आयमॅप पद्धतीचं आहे आणि नव्या मशीनवर तेच खातं जोडलं की फोल्डर आपोआप उतरतील. सापडला नाही, आणि कॉम्प्युटरवर मात्र दिसतो, तर तुमचं खातं बहुतेक पॉप पद्धतीचं आहे. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून घेतला जातो आणि सेटिंगप्रमाणे काही दिवसांनी सर्व्हरवरून पुसलाही जातो. मग जगात त्याची एकच प्रत उरते, तुमच्या टेबलाखालच्या सीपीयूत.

आयमॅपवाल्यांनीही निर्धास्त होऊ नये. थंडरबर्ड आणि आउटलुक हे कॉम्प्युटरवर मेल बघायचे प्रोग्रॅम. थंडरबर्डमध्ये डाव्या बाजूला तळाशी 'लोकल फोल्डर्स' असं दिसतं. आउटलुकमध्ये 'आर्काइव्ह' नावाची वेगळी फाइल असू शकते. यांतले मेल सर्व्हरवर नसतात. इनबॉक्स जड झाला म्हणून कधीतरी जुने मेल तिथे सरकवलेले असतात आणि आपण ते विसरून गेलेले असतो. नव्या मशीनवर इनबॉक्स व्यवस्थित दिसतो, माणूस समाधानाने जुनं मशीन देऊन टाकतो, आणि 'लोकल फोल्डर्स' त्याच्याबरोबर जातात.

वही घ्या आणि मोजा

ही पायरी सगळे टाळतात, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह हिच्यासाठीच आहे. जुन्या मशीनवर एकेक फोल्डर घ्या आणि कागदावर त्याचं नाव लिहून पुढे मेलची संख्या लिहा. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की संख्या दिसते. आउटलुकमध्ये फोल्डर उघडला की खालच्या पट्टीत दिसते. शिवाय प्रत्येक मोठ्या फोल्डरमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा मेल कोणत्या तारखेचा, हेही लिहा. फोल्डरच्या पोटातले फोल्डर विसरू नका.

पेट्या ट्रकवर चढवताना आपण मोजतो आणि वाशीला उतरवताना पुन्हा मोजतात. इथेही तसंच करायचं. काम झाल्यावर "सगळं आलंय असं वाटतं" यापेक्षा "इनबॉक्स ६,४१२ होता आणि ६,४१२ आहे" असं म्हणता आलं पाहिजे.

मोजून झालं की जुन्या मशीनवरचा मेलचा प्रोग्रॅम नवे मेल उतरवणार नाही याची व्यवस्था करा. खात्याच्या सेटिंगमध्ये दर काही मिनिटांनी नवे मेल तपासण्याची टिक असते, ती काढा. सुरू होताना तपासण्याचीही काढा. पॉप खातं दोन मशीनवर एकाच वेळी चालू राहिलं तर काही मेल इकडे उतरतात, काही तिकडे, आणि मग ती गुंतागुंत सोडवताना जीव मेटाकुटीला येतो.

पेन ड्राइव्हची एक खोच

बाजारातून आणलेले पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा आणि रिकामा असला तरी नाही. मेलच्या फायली सहज ४ जीबीच्या पुढे जातात, कारण अख्खा फोल्डर बहुधा एकाच फाइलमध्ये असतो. "फाइल फार मोठी आहे" असा संदेश आला तर ड्राइव्ह बिघडला असं समजू नका. त्यातलं सगळं आधी बाहेर काढा, ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'फॉरमॅट' निवडा आणि पद्धत 'एक्सफॅट' ठेवा. फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

थंडरबर्ड ते थंडरबर्ड

हे सगळ्यात सोपं आहे, म्हणून याच्यापासून सुरुवात करते. थंडरबर्ड मोफत आहे, आणि जुने मेल वर्षानुवर्षं साठवायचे असतील तर मी सगळ्यांना तोच सुचवते. त्याच्या फायली साध्या असतात आणि दुसऱ्या प्रोग्रॅमनेही वाचता येतात.

त्याचं सगळं सामान 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये असतं. मेल, पत्त्यांची वही, मेल आपोआप वेगळे करणाऱ्या गाळण्या (फिल्टर), खात्यांची सेटिंग, साठवलेले पासवर्डसुद्धा. हा फोल्डर लपवलेल्या जागी असतो, म्हणूनच दुकानातल्या मुलाला तो दिसत नाही. तिथे जायला कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात 'ॲपडेटा' हा शब्द इंग्रजीत, पुढे एक आणि मागे एक टक्क्याची खूण देऊन लिहा आणि एंटर दाबा. 'रोमिंग' नावाचा फोल्डर उघडतो. त्यात 'थंडरबर्ड' आहे.

आता थंडरबर्ड बंद करा. उघडा असताना केलेली नक्कल अर्धवट येऊ शकते. मग तो अख्खा 'थंडरबर्ड' फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. आतल्या फायली निवडत बसू नका. कित्येक फायलींना शेपूट (नावापुढच्या टिंबानंतरची अक्षरं) नसतं, नुसतं 'इनबॉक्स' किंवा 'सेंट' असं नाव असतं. माणसाला वाटतं त्या निरुपयोगी आहेत, आणि खरे मेल नेमके त्यांच्यातच असतात. शेजारी एमएसएफ शेपटाची फाइल असते ती नुसती अनुक्रमणिका, ती हरवली तरी थंडरबर्ड पुन्हा तयार करतो. एसबीडी शेपटाचे फोल्डर म्हणजे पोटातले फोल्डर. मराठी नाव दिलेला फोल्डर कधीकधी आत भलत्याच अंक-अक्षरांच्या नावाने साठलेला असतो, म्हणून नावावरून काही कचऱ्यात टाकू नका.

नव्या मशीनवर थंडरबर्ड बसवा. आवृत्ती जुन्याइतकी किंवा तिच्यापुढची असू द्या, कारण पुढच्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल मागची आवृत्ती घ्यायला नकार देते. एकदा उघडा, काही न भरता बंद करा. वर सांगितलं त्याच रस्त्याने 'रोमिंग'मध्ये जा, तिथल्या नव्या कोऱ्या 'थंडरबर्ड' फोल्डरचं नाव बदलून 'थंडरबर्ड-कोरा' असं काहीतरी करा आणि तुमचा जुना फोल्डर तिथे आणून ठेवा. थंडरबर्ड उघडा. पुष्कळदा सगळं घर आहे तसं समोर येतं.

नाही आलं, नवीन खातं जोडा असंच विचारत राहिलं, तर घाबरू नका. मेल आहेत, प्रोग्रॅम फक्त चुकीच्या प्रोफाइलकडे बघतोय. थंडरबर्ड बंद करा, पुन्हा विंडोज आणि आर, आणि 'थंडरबर्ड.ईएक्सई', मग मोकळी जागा, मग आडवी छोटी रेघ आणि तिला चिकटून मोठा पी, असं इंग्रजीत लिहा. प्रोफाइलची यादी येते, जुनं निवडा.

थंडरबर्डच्या 'टूल्स'मध्ये 'एक्स्पोर्ट' आहे आणि ते सगळं एका झिप फाइलमध्ये बांधून देतं. पण प्रोफाइल २ जीबीच्या पुढे गेलं की ते चालत नाही, आणि जुन्या खात्यांचं प्रोफाइल बहुतेक पुढे गेलेलंच असतं. मी फोल्डरच कॉपी करते.

'कॉम्पॅक्ट' करण्याबद्दलही बोलते. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला तरी फाइलमधून तो लगेच जात नाही, कॉम्पॅक्ट केल्यावर जातो. त्यामुळे नेण्याआधी कॉम्पॅक्ट करा, जागा वाचेल, असा सल्ला मिळतो. मी जुन्या मशीनवर ते करत नाही. जुनी डिस्क, खारी हवा, लाईटचा खेळ, त्यात अख्खी फाइल नव्याने लिहायला लावायची कशाला? आधी नक्कल नव्या मशीनवर पोचू दे, मोजणी जुळू दे, मग तिथे कॉम्पॅक्ट करा.

त्या पेन ड्राइव्हवर आता तुमचे पासवर्डही आहेत. काम झालं की तो फॉरमॅट करा, किंवा कुलपात ठेवा. भाच्याला गाणी भरायला देऊ नका.

आउटलुक असेल तर

इथे शोधायची ती पीएसटी फाइल. पॉप खात्याचे मेल, आर्काइव्ह, सगळं तिच्यात. 'फाइल'मध्ये 'अकाउंट सेटिंग्ज', तिथे 'डेटा फाइल्स' हा भाग उघडला की प्रत्येक फाइल कुठे ठेवली आहे ते दिसतं. यादीतली प्रत्येक पीएसटी घ्या, एकच नव्हे. आउटलुक बंद करून कॉपी करा. नव्या मशीनवर ती आधी हार्ड डिस्कवर ठेवा आणि 'फाइल', 'ओपन अँड एक्स्पोर्ट', 'ओपन आउटलुक डेटा फाइल' या वाटेने उघडा. पेन ड्राइव्हवरूनच उघडून वर्षभर वापरणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. चालू असताना ड्राइव्ह निघाला की फाइल बिघडते.

यादीत ओएसटी दिसली तर ती सर्व्हरवरच्या खात्याची स्थानिक प्रत असते आणि दुसऱ्या मशीनवर तशीच उघडत नाही. तिच्यातलं हवं असेल तर जुन्या मशीनवरच 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट'मधून पीएसटी करून घ्या. फाइल जुन्या सीडीवरून उतरवली असेल आणि उघडत नसेल, तर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'रीड ओन्ली'ची टिक काढा. दहातल्या कित्येक वेळा रोग एवढाच असतो.

विंडोज एक्सपीच्या काळातलं आउटलुक एक्स्प्रेस

असे कॉम्प्युटर अजून वाड्यावाड्यांत आहेत, प्लास्टिकचं कव्हर घालून माजघरात ठेवलेले. नावात आउटलुक असलं तरी ते वेगळं आहे. त्याचे मेल डीबीएक्स शेपटाच्या फायलींत असतात, दर फोल्डरला एक. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'मेंटेनन्स', 'स्टोअर फोल्डर' या रस्त्याने जागा कळते. तो फोल्डर आधी जसाच्या तसा कॉपी करून ठेवा.

नवे प्रोग्रॅम डीबीएक्स थेट वाचत नाहीत. मशीन सुरू होत असेल तर माझी पद्धत साधी आहे. डेस्कटॉपवर रिकामा फोल्डर करायचा, आउटलुक एक्स्प्रेसमधले मेल निवडायचे आणि ओढून त्यात टाकायचे. प्रत्येक मेलची एक ईएमएल फाइल तयार होते. शंभर-दोनशेच्या तुकड्यांनी करा, जुनं मशीन दमतं. मग नव्या मशीनवर थंडरबर्डला 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी' हे जोड-साधन बसवून तो फोल्डर आत घ्या. तारखा आणि जोडलेल्या फायली शाबूत राहतात. पत्त्यांची वही वेगळी एक्स्पोर्ट करायला विसरू नका.

मेल आले, पण मराठी दिसत नाही

हे दुखणं आपलं आहे, इंग्रजी लेखांत याचा उल्लेख सहसा सापडत नाही. युनिकोड ही सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी आपण मराठी लिहायचो ते श्रीलिपीत, शिवाजी फॉन्टमध्ये, किंवा सीडॅकच्या डीव्हीबी-टीटी-योगेश, सुरेख अशा फॉन्टमध्ये. तेव्हाचा मेल किंवा त्याला जोडलेली वर्डची फाइल नव्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल खराब झाली असं समजून लोक ती पुसतात. थांबा. मजकूर ठीक आहे, फक्त फॉन्ट नाही.

जुन्या मशीनवर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज' आणि त्यात 'फॉन्ट्स' फोल्डर आहे. त्यातले मराठी फॉन्ट निवडून पेन ड्राइव्हवर घ्या, नव्यावर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल' करा. आमच्या घरी १९९९ च्या देवस्थानाच्या सभेचं इतिवृत्त असंच परत वाचता आलं. वाचता आलं की त्याची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फॉन्ट शोधावा लागणार नाही.

मशीन सुरूच होत नसेल तर

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ठेवलेल्या सीपीयूच्या आत पाहिलंत तर स्क्रूवर गंज आणि पाट्यांवर हिरवट थर दिसतो. मदरबोर्ड (आतली मुख्य पाटी) गेला म्हणजे डिस्क गेली असं नाही. हार्ड डिस्क काढून घ्या. साटा ते यूएसबी अशी केबल किंवा छोटी पेटी मिळते, तीत बसवून नव्या मशीनला जोडा. डेस्कटॉपची मोठी डिस्क असेल तर स्वतंत्र वीज देणारी केबल घ्या. फारच जुनी, रुंद पट्टीच्या केबलची डिस्क असेल तर ती आयडीई पद्धतीची, तिला वेगळं साधन लागतं.

डिस्क दिसली की त्यात 'युजर्स', मग तुमचं नाव, मग 'ॲपडेटा'. दिसत नसेल तर 'व्ह्यू'मधून लपवलेल्या वस्तू दाखवायला सांगा. परवानगीचा प्रश्न आला तर 'कंटिन्यू' म्हणा. पुढचं सगळं वर सांगितल्याप्रमाणे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच काढून ठेवा. प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी झिजते, तिथे डेटा काढून देणारा जाणकारच हवा.

सर्व्हरमार्गे नेण्याचा रस्ता

दोन्हीकडे वेगवेगळे प्रोग्रॅम असतील तर आयमॅप खातं मधे घेता येतं. जुन्या मशीनवर ते खातं जोडायचं, लोकल फोल्डरमधले मेल 'कॉपी' करून त्याच्या फोल्डरमध्ये टाकायचे, नव्या मशीनवर तेच खातं जोडलं की उतरतात. जीमेलची मोफत जागा १५ जीबी असते, पण त्यात फोटो आणि ड्राइव्हही येतात, हे आधी बघा. आपल्या नेटच्या वेगाने एका दमात दहा हजार मेल टाकू नका. पाचशे टाका, मोजा, पुढचे पाचशे.

मोजणी जुळल्यावर

वही काढा, एकेक आकडा ताडा. एखाद्या जुन्या मेलला जोडलेली फाइल उघडून बघा. स्वतःलाच एक मेल पाठवून बघा. आणि एक नक्कल दुसऱ्या घरी ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या नात्यातल्या एका दुकानात कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप एकाच टेबलाच्या एकाच खणात होते.

जुनं मशीन लगेच देऊ नका. एक पूर्ण हंगाम जाऊ दे. मेल हरवलाय हे तो हरवल्यावर कळत नाही, लागतो तेव्हा कळतं, आणि आपल्याकडे पुष्कळ मेल वर्षातून एकदाच लागतात. ऑर्डरी फेब्रुवारीत, गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांचं बुकिंग जुलैत, कागदपत्रं मार्चअखेर. मी सीपीयूवर चिठ्ठी लावते, त्यावर तारीख आणि "अजून देऊ नये".

काकांचं काय झालं तेही सांगते. त्यांचे मेल त्यांच्याकडे उरले नव्हते, पण प्रत्येक मेलची दुसरी बाजू असते. पाठवणाऱ्याच्या 'सेंट' फोल्डरमध्ये तो असू शकतो. मुंबईतल्या मुलाचं खातं जीमेलवर होतं आणि त्याने काही पुसलं नव्हतं. आम्ही त्याला 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करून पाठवायला सांगितलं, नुसतं फॉरवर्ड नाही. तसं केलं की मूळ तारीख आणि वेळ तशीच राहते. सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही काकांनी तसंच विचारलं. काहींनी पाठवले, काहींकडे नव्हते. दवाखान्याच्या दिवसांतले मुलाचे मेल मात्र सगळे आले, रोजच्या रात्रीच्या वेळेसकट. काकांनी थंडरबर्डमध्ये त्यांचा वेगळा फोल्डर करून घेतला, आणि वहीत त्याच्यापुढे आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.